किरणोत्सारी कचरा अंतराळात टाकायला कायद्याने मनाई करा : अंतराळ आयोगाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
अंतराळ आयोग, बेंगळुरू

प्रत : मा. अध्यक्ष, अणुऊर्जा आयोग, मुंबई

महोदय,

देशाचा अंतराळ कायदा अजून व्हायचा आहे. २०१७ साली अंतराळ उपक्रम विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी जाहीर झाला. २०२३ मध्ये अंतराळ धोरण आले. मे २०२४ मध्ये इन-स्पेस या सरकारी संस्थेने खासगी कंपन्यांना परवानगी देण्याचे नियम प्रसिद्ध केले. कायदा मात्र राहिला आहे. तो संसदेपुढे जाईल तेव्हा त्यात एक छोटे कलम असावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. किरणोत्सारी कचरा विल्हेवाटीसाठी अंतराळात पाठवायला भारतात स्पष्ट मनाई असावी. पाठवणारी संस्था सरकारी असो वा खासगी, कचरा आपला असो वा परदेशातला, मनाई सर्वांना सारखीच असावी.

मी पालघर जिल्ह्यात भौतिकशास्त्र शिकवत आले. तारापूरचे अणुवीज केंद्र आमच्याच किनाऱ्यावर, १९६९ पासून. त्यामुळे अणुकचऱ्याचा विषय आमच्याकडे वर्गात निघतो, ग्रामसभेत निघतो, लोकलच्या डब्यातही निघतो. आणि निघाला की कोणीतरी विचारतेच : आपण चंद्रावर यान उतरवले, मग हा कचरा सूर्यात का नाही टाकून देत? विचारणारा मनापासून विचारतो. ज्याच्या गावाशेजारी कचरा साठतो, त्याला तो पृथ्वीवरच नको असे वाटणे साहजिक आहे. म्हणून या प्रश्नाचे पूर्ण उत्तर द्यायला हवे असे मला नेहमी वाटत आले, आणि ते उत्तर आता कायद्यात उतरायला हवे असे वाटते.

आज भारतात कोणी असा कचरा रॉकेटवर चढवायला निघालेले नाही, मग घाई कसली, असे आपण म्हणाल. पण परिस्थिती झपाट्याने बदलते आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुविजेचे उद्दिष्ट जाहीर झाले. आज आपण ८-९ गिगावॅटच्या आसपास आहोत. उड्डाणाचा खर्च जगभर उतरतो आहे आणि आपल्याकडेही खासगी रॉकेट कंपन्या उभ्या राहत आहेत. कचरा वाढणार, उड्डाणे स्वस्त होणार. अशा वेळी ही जुनी कल्पना नव्या कंपनीच्या सादरीकरणात परत येणारच. तेव्हा तिला अडवणारे कलम आधीपासून पुस्तकात असले पाहिजे.

कल्पना जुनी आहे, हे मुद्दाम सांगते. १९७० च्या दशकात आणि १९८० च्या सुरुवातीला अमेरिकेच्या नासाने आणि ऊर्जा विभागाने तिचा गंभीर अभ्यास केला होता. सूर्यात टाकण्याचा विचार त्यांनी लवकरच बाजूला ठेवला. कारण साधे यांत्रिकीचे आहे. धावत्या लोकलमधून उडी मारणाऱ्याच्या अंगात लोकलचा वेग असतोच, तसा पृथ्वीवरून सुटलेल्या प्रत्येक यानाच्या अंगात पृथ्वीचा सूर्याभोवतीचा वेग असतो, सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर. सूर्यात पडायचे तर तो जवळजवळ सगळा मारावा लागतो. सूर्यमालेबाहेर निघून जायला त्याहून कमी, आणखी १२ किलोमीटर प्रति सेकंद एवढाच वेग वाढवावा लागतो. म्हणजे सूर्यात जाणे हे ताऱ्यांकडे जाण्यापेक्षा अवघड आहे. विद्यार्थ्यांना हे सांगितले की त्यांचा विश्वास बसत नाही, म्हणून मी पार्कर सोलर प्रोब या सूर्याकडे पाठवलेल्या नासाच्या यानाचे उदाहरण देते. ऑगस्ट २०१८ मध्ये डेल्टा-४ हेवी या त्या काळच्या बलाढ्य रॉकेटवरून ते निघाले. वजन जेमतेम ७०० किलो. शुक्राला सात वेळा वळसे घालत, प्रत्येक वेळी थोडा वेग कमी करत, ते डिसेंबर २०२४ मध्ये सूर्याच्या पृष्ठभागापासून सुमारे ६१ लाख किलोमीटरवर पोहोचले. सहा वर्षे, आणि तरीही सूर्यात पडले नाहीच.

म्हणून नासाच्या अभ्यासात पुढे आली ती मधली वाट : पृथ्वी आणि शुक्र यांच्या कक्षांच्या मध्ये, सूर्यापासून ०.८५ खगोलीय एककावर (पृथ्वी-सूर्य अंतर म्हणजे एक एकक), कचरा कायमचा फिरत ठेवायचा. त्यासाठी तो स्पेस शटलमधून पृथ्वीच्या कक्षेत न्यायचा आणि तिथून दुसऱ्या इंजिनाने पुढे ढकलायचा. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने १९८० मध्ये सगळे पर्याय ताडून पाहिले आणि खोल खडकातल्या साठवणीला पसंती दिली. अंतराळाचा पर्याय त्यानंतरही काही वर्षे कागदावर रेंगाळला.

मग २८ जानेवारी १९८६ आली. उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी चॅलेंजर हे स्पेस शटल फुटले, सातही अंतराळवीर गेले. एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. तेच चॅलेंजर त्याच वर्षी मे महिन्यात युलिसिस हे सूर्याचा अभ्यास करणारे यान घेऊन निघणार होते, आणि युलिसिसच्या वीजपुरवठ्यासाठी त्यात सुमारे ११ किलो प्लुटोनियम डायऑक्साइड असणार होते. चार महिन्यांचा फरक. ते प्लुटोनियम मजबूत कवचात असते, कदाचित टिकलेही असते. पण हे ११ किलो होते आणि कचऱ्याचा हिशेब टनांत करावा लागतो.

महोदय, आपली माणसे अग्निबाण बांधतात. अपयश काय असते हे आपल्याला कोणी सांगायची गरज नाही. २५ डिसेंबर २०१० रोजी जीएसएलव्ही-एफ०६ श्रीहरिकोटाहून निघाले आणि मिनिटभरातच भरकटले. बंगालच्या उपसागरावर ते उडवून द्यावे लागले. ऑगस्ट २०१७ मध्ये पीएसएलव्ही-सी३९ ची उष्णतारोधक टोपी उघडलीच नाही, उपग्रह आतच अडकून राहिला. ऑगस्ट २०२१ मध्ये जीएसएलव्ही-एफ१० चे क्रायोजेनिक इंजिन पेटले नाही. १८ मे २०२५ ला पीएसएलव्ही-सी६१ तिसऱ्या टप्प्यात फसले, तेही जगात ज्याच्या भरवशाची उदाहरणे देतात असे रॉकेट. यात कमीपणा काही नाही. उड्डाण करणाऱ्या प्रत्येक देशाच्या वाट्याला हे आले आहे. १६ जानेवारी २०२५ ला अमेरिकेच्या स्पेसएक्स कंपनीच्या स्टारशिप रॉकेटचे सातवे चाचणी उड्डाण अटलांटिकवर तुटले, जळते तुकडे टर्क्स आणि कैकोस बेटांवर पडले, विमानांना वाट बदलावी लागली. ६ मार्चला पुढच्या उड्डाणाचेही तेच झाले. चाचण्याच होत्या त्या, मान्य. पण 'स्वस्त आणि प्रचंड क्षमतेच्या उड्डाणांमुळे आता कचरा पाठवणे शक्य होईल' असे जे म्हटले जाते, ते याच रॉकेटांच्या भरवशावर.

रॉकेट ठीक गेले म्हणजे झाले, असेही नाही. जानेवारी २०२५ मध्ये श्रीहरिकोटाहून शंभरावे उड्डाण झाले. जीएसएलव्ही-एफ१५ ने एनव्हीएस-०२ हा उपग्रह अगदी बरोबर कक्षेत सोडला. पुढे उपग्रहावरची झडप उघडली नाही आणि त्याला वरची कक्षा गाठता आली नाही. लंबवर्तुळाकार कक्षेत तो तसाच अडकला. दिशादर्शक उपग्रहाच्या बाबतीत हा पैशांचा आणि मेहनतीचा तोटा आहे. त्याच जागी अणुकचऱ्यातले दोन टन किरणोत्सारी सेझियम-स्ट्रॉन्शियम असते तर? वर नेता येत नाही, खाली आणता येत नाही, आणि दर प्रदक्षिणेत वातावरण त्याला थोडे थोडे ओढते आहे.

हे 'तर' कल्पनेतले नाही. २१ एप्रिल १९६४ रोजी अमेरिकेचा ट्रान्झिट मालिकेतला एक उपग्रह कक्षेत पोहोचू शकला नाही. त्याच्यावर स्नॅप-९ए ही प्लुटोनियमच्या उष्णतेवर वीज बनवणारी वीजपेटी होती, आत सुमारे एक किलो प्लुटोनियम-२३८. त्या काळचा विचार असा होता की पडलेच तर वर जळून विरून जाईल. ते तसेच विरले, आणि नंतरची कित्येक वर्षे जगभरच्या जमिनीवर, जास्त करून दक्षिण गोलार्धात, उतरत राहिले. पृथ्वीच्या वातावरणात आणि मातीत तोवर असलेले प्लुटोनियम-२३८ एका किलोने जवळजवळ तिप्पट झाले. त्यानंतर विचार पालटला आणि पेटी न फुटता परत यावी अशी रचना होऊ लागली. ती यशस्वीही झाली, हे सांगायलाच हवे. १९६८ मध्ये निंबस-बी१ या हवामान उपग्रहाचे रॉकेट कॅलिफोर्नियाजवळ पाडावे लागले, तेव्हा त्यावरच्या पेट्या समुद्रतळातून अखंड काढल्या गेल्या आणि त्यातले इंधन पुढच्या उपग्रहाला वापरले. अपोलो-१३ ची पेटी आजही प्रशांत महासागरातल्या टोंगा गर्तेच्या तळाशी आहे आणि तिच्यातून गळती आढळलेली नाही. कल्पनेच्या समर्थकांचा हा सर्वांत बळकट मुद्दा. पण त्या पेट्यांत काही किलो एकाच प्रकारचे सिरॅमिक इंधन होते, आणि त्यांच्यासाठी खास धातूंची आणि ग्राफाइटची कवचे वापरण्याइतकी सवड होती. टनावारी मिश्र, उष्ण, गॅमा किरण फेकणाऱ्या कचऱ्याला तसेच कवच घालायचे तर कवचाचेच वजन कचऱ्याच्या कितीतरी पट होते. रॉकेट मग नेते ते मुख्यत्वे पोलाद.

सर्वांत जास्त बोलायला हवे ते कॉसमॉस-९५४ बद्दल. सोव्हिएत संघाचा हा टेहळणी उपग्रह सप्टेंबर १९७७ मध्ये गेला. त्यावर बॅटरी नव्हती, अणुभट्टी होती, आत उच्च प्रतीचे समृद्ध युरेनियम. काम संपले की भट्टीचा गाभा सुटून वरच्या, शेकडो वर्षे टिकणाऱ्या कक्षेत जाणार, अशी योजना होती. ती चाललीच नाही. २४ जानेवारी १९७८ च्या पहाटे उपग्रह कॅनडाच्या वायव्य प्रदेशांवर तुटला. ग्रेट स्लेव्ह सरोवरापासून बेकर लेककडे सुमारे ६०० किलोमीटरच्या पट्ट्यात तुकडे विखुरले. ऐन हिवाळा, सरोवर गोठलेले, तापमान शून्याखाली कित्येक अंश. कॅनडा आणि अमेरिकेच्या पथकांनी 'मॉर्निंग लाइट' नावाने मोहीम काढली आणि विमानांतून गॅमा मोजणी यंत्रे फिरवत १,२४,००० चौरस किलोमीटर प्रदेश पिंजून काढला. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाचे दोन पंचमांश म्हणजे एवढा. सापडले ते सुमारे ६५ किलो. भट्टीचे इंधन बहुतांश सूक्ष्म कणांच्या रूपात विखुरले होते. त्या भागात राहणारे डेने आदिवासी लोक कॅरिबू हरणांची शिकार आणि सरोवरातले मासे यांवर जगत. त्यांना सरकारने पुन्हा पुन्हा सांगितले की धोका थोडा आहे. शिकार करावी की नाही, बर्फ वितळवून प्यावा की नाही, हा प्रश्न मात्र त्यांनाच रोज सोडवावा लागला. ज्या यंत्रणेचे नावही त्यांनी ऐकले नव्हते, जिच्यात त्यांचा काडीचा फायदा नव्हता, तिचा कचरा त्यांच्या अंगणात आला. आमच्या किनाऱ्यावर वीज तरी येते.

कॅनडाने सुमारे ६० लाख कॅनेडियन डॉलरचा दावा लावला. १९८१ मध्ये सोव्हिएत संघाने ३० लाख दिले आणि प्रकरण मिटले. दाव्यातली उरलेली अर्धी रक्कम ज्याच्यावर कचरा पडला त्यानेच सोसली.

आता थोडा हिशेब मांडते, तो आपल्या तज्ज्ञांनी तपासावा. जगभरच्या अणुभट्ट्यांतून वर्षाला अंदाजे १०,००० टन वापरलेले इंधन बाहेर पडते. पुनर्प्रक्रिया करून युरेनियम आणि प्लुटोनियम काढून घेतले, तर उरणारी विखंडन द्रव्ये (अणू फुटून तयार झालेली किरणोत्सारी द्रव्ये) तीन ते चार टक्के, म्हणजे ३०० टन धरू. एका रॉकेटमधून, कवचाचे वजन सोडून, दोन टन कचरा गेला असे गृहीत धरले, तर वर्षाला १५० उड्डाणे झाली. शंभरात नव्याण्णव यशस्वी, हे प्रमाण जगातल्या फार थोड्या रॉकेटांना साधले आहे. तेवढे धरले तरी वर्षाला एक-दोन अपघात. हजारात नऊशे नव्याण्णव धरले तर सहा-सात वर्षांत एक. आणि त्या एका अपघातात असते काय? दोन टन विखंडन द्रव्यांत सुरुवातीला ७० किलोच्या आसपास सेझियम-१३७ असते. ते तीस वर्षे थंड करून मग पाठवले तरी निम्मे, म्हणजे ३५ किलो. १९८६ मध्ये चेर्नोबिलमधून बाहेर पडलेले सेझियम-१३७ सुमारे २६ किलो होते. सगळे सेझियम प्रत्येक अपघातात हवेत जाईल असे मी म्हणत नाही. कवच टिकेल, समुद्रात पडेल, काही भाग मिळेलही. पण ज्या उद्योगाच्या ठरलेल्या कामकाजातच चेर्नोबिलपेक्षा मोठा साठा हवेत फेकून झेलण्याची पाळी दर काही वर्षांनी येते, त्याला सुरक्षेचा उपाय म्हणता येणार नाही. आणि हे करायचे कशासाठी? जो कचरा आज काचेत बांधून, पोलादी डब्यांत, पहाऱ्यात, हलत नाही अशा जागी ठेवलेला आहे, त्यासाठी.

वरून वस्तू पडणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भात आकाशातून जळत्या वस्तूंची रांग जाताना लोकांनी पाहिली. चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले, आसपासच्या गावांत धातूचे गोळे मिळाले. चीनच्या लाँग मार्च रॉकेटचा तो वरचा टप्पा होता असा तज्ज्ञांचा निष्कर्ष. कडे मोकळ्या जागेत पडले, कोणाला इजा झाली नाही. गावकरी त्याच्याभोवती जमले, हात लावून पाहिले, फोटो काढले. कोणीही तेच केले असते. त्या कड्यात किरणोत्सार असता तर त्यांना ते कळले कसे असते? तालुक्याच्या ठिकाणी किरणोत्सार मोजणारे गायगर काउंटर किती असतात, आपणच सांगा.

समर्थक म्हणतील, पृथ्वीच्या कक्षेतून एकदा बाहेर गेले की विषय संपला. तोही संपत नाही. अपोलो-१२ च्या सॅटर्न रॉकेटचा तिसरा टप्पा १९६९ मध्ये सूर्याभोवतीच्या कक्षेत गेला. सप्टेंबर २००२ मध्ये तो पृथ्वीभोवती फिरताना सापडला, काही महिने राहिला आणि पुन्हा निघून गेला. १९६६ च्या सर्व्हेयर-२ या चंद्रमोहिमेच्या रॉकेटचा सेंटॉर टप्पा २०२० मध्ये असाच पाहुणा आला. ०.८५ एककावर नेताना इंजिन अर्ध्यात बंद पडले तर कचरा पृथ्वीची वाट छेदणाऱ्या कक्षेत राहतो आणि किती दशकांनी कुठे भेटेल याचे गणित लांब पल्ल्यावर डळमळते. जवळच्या कक्षेत तर आपण आधीच अडचण करून ठेवली आहे. सोव्हिएत संघाने १९७० ते १९८८ या काळात कॉसमॉस-९५४ सारखे तीसहून अधिक उपग्रह पाठवले. त्यांच्या भट्ट्यांचे गाभे बहुतांश ९०० ते १,००० किलोमीटरच्या पट्ट्यात आजही फिरत आहेत, आणि काहींतून गळालेले सोडियम-पोटॅशियमचे थेंबही. त्याच्या खालीच, सुमारे ७९० किलोमीटरवर, फेब्रुवारी २००९ मध्ये इरिडियम-३३ आणि कॉसमॉस-२२५१ हे उपग्रह एकमेकांवर आदळून चुरा झाले. २०३० पर्यंत भारताच्या सगळ्या मोहिमा कचरामुक्त करण्याचे वचन इस्रोने २०२४ मध्ये जगापुढे दिले. ते वाचून मला मनापासून आनंद झाला होता. किरणोत्सारी कचऱ्याला मनाई हा त्याच वचनाचा भाग मानावा, इतकेच म्हणते.

चंद्राबद्दल एक ओळ पुरे. चांद्रयान-१ ने तिथे पाण्याच्या खुणा दाखवल्या, चांद्रयान-३ दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. त्या जमिनीवर आपण कचरा टाकण्याचा विचारही करू नये.

आणि ज्याला कचरा म्हणतो तो सगळा कचरा असतो का? हे अणुऊर्जा आयोगाला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने याच द्रव्यांतून सेझियम-१३७ वेगळे करून काचेच्या कांड्या बनवल्या, त्या रक्तपेढ्यांच्या रक्तकिरणन यंत्रांत वापरल्या जातात. स्ट्रॉन्शियम-९० मधून मिळणारे इट्रियम-९० कर्करोगाच्या उपचारात लागते. रुथेनियम-१०६ च्या छोट्या चकत्या डोळ्यांच्या कर्करोगासाठी तयार झाल्या. आमच्या विद्यार्थ्यांना मी हे सांगते तेव्हा वर्गातला सूर बदलतो. ही द्रव्ये ट्रॉम्बे, तारापूर आणि कल्पाक्कम इथे हाताशी राहिली म्हणून हे घडले. पुढच्या पिढीला त्यातून आणखी काय काढता येईल, दीर्घायुषी द्रव्ये जाळणाऱ्या भट्ट्या कधी येतील, हे आज माहीत नाही. रॉकेटवर चढवलेली गोष्ट परत मिळत नाही.

वीजपेटी आणि कचरा यांत फरक करायला हवा, हेही नमूद करते. चांद्रयान-३ च्या प्रणोदन मॉड्यूलमध्ये भाभा केंद्राने दिलेली दोन छोटी किरणोत्सारी उष्णता-एकके होती. दूरच्या मोहिमांना अशी साधने लागतील आणि ती योग्य काळजीने न्यावीत. संयुक्त राष्ट्रांची १९९२ ची तत्त्वे त्यांच्यासाठी आहेत. पण ती तत्त्वे वीजस्रोतांपुरती आहेत, कचऱ्याविषयी त्यांत काही नाही. नेमकी हीच फट मला दिसते. अंटार्क्टिकावर किरणोत्सारी कचरा टाकायला १९५९ च्या करारानेच बंदी केली, तिथे कोणी टाकायला निघण्याच्या आधी. समुद्राच्या बाबतीत तसे झाले नाही. १९४६ पासून कित्येक देश पिंपे भरभरून समुद्रात सोडत राहिले आणि पूर्ण बंदीला १९९३ उजाडावे लागले. तोवर टाकलेली पिंपे अजून तळाशी आहेत. अंतराळाबाबत १९६७ चा करार 'हानिकारक प्रदूषण टाळा' एवढेच म्हणतो. त्याच कराराच्या सहाव्या कलमानुसार खासगी कंपनीच्या कृत्याची जबाबदारी देशावर येते. १९७२ च्या दायित्व करारानुसार जमिनीवर झालेल्या नुकसानीची भरपाई, चूक कोणाची हे न विचारता, उड्डाण करणाऱ्या देशाने द्यायची असते. दोन्ही करार भारताने मान्य केले आहेत. उद्या परदेशी ग्राहकाचा कचरा श्रीहरिकोटाहून किंवा तामिळनाडूतल्या कुलशेखरपट्टणमच्या नव्या तळावरून गेला आणि तिसऱ्याच देशावर पडला, तर भरपाई आपल्या तिजोरीतून जाईल, आणि श्रीहरिकोटाशेजारच्या पुलिकत सरोवराचे मच्छीमार त्याआधीच त्याच्या सावलीत राहिलेले असतील.

आता ज्यामुळे लोक 'वर टाका' म्हणतात त्या गोष्टीबद्दल. ते तसे म्हणतात, कारण जमिनीवरच्या व्यवस्थेवर त्यांचा विश्वास नाही. तो बसेल असे आपण फारसे केलेले नाही. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या युनिटसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठवली गेली. पुनर्वसनाच्या तक्रारी उच्च न्यायालयापर्यंत गेल्या. ज्यांनी घरे दिली त्यांना शेजारच्या साठवणुकीत काय आहे, किती आहे, किती वर्षे राहणार आहे, हे सोप्या मराठीत कोणी बसून सांगितल्याचे मला माहीत नाही. तारापूरला काचेत बांधलेल्या कचऱ्याच्या डब्यांसाठी नैसर्गिक हवेने थंड राहणारी साठवण आहे, तिची रचना विचारपूर्वक केलेली आहे. वर्षातून एकदा परिसरातल्या शिक्षकांना आणि ग्रामपंचायत सदस्यांना ती दाखवायला काय हरकत आहे? फिनलंडने ओल्किलुओटो बेटावर ४०० मीटरहून खोल खडकात कायमची साठवण खोदली, पण त्याआधी तिथल्या नगरपालिकेची संमती घेतली, आणि नकार देण्याचा अधिकार तिच्या हातात होता. निसर्गानेही एक प्रयोग करून ठेवला आहे. आफ्रिकेतल्या गॅबन देशात ओक्लो इथे सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी युरेनियमच्या खनिजात आपोआप अणुभट्ट्या पेटल्या होत्या, आणि त्यांत तयार झालेले प्लुटोनियम भूजल वाहत असूनही जागचे फारसे हलले नाही. खडक हा भरवशाचा सोबती आहे. आपल्या देशात तो कुठला असेल हे ठरवताना लोकांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, हे अणुऊर्जा आयोगाला माझे वेगळे सांगणे आहे.

कलमाचा मसुदा मी माझ्या परीने असा करते, भाषा आपले विधिज्ञ सुधारतील :

'वापरलेले अणुइंधन, त्याच्या पुनर्प्रक्रियेतून उरलेली द्रव्ये किंवा कोणताही किरणोत्सारी कचरा विल्हेवाटीच्या वा साठवणीच्या हेतूने भारताच्या भूमीवरून, भारताच्या अधिकारक्षेत्रातील कोणत्याही तळावरून, अथवा भारतीय व्यक्ती वा संस्थेकडून अन्यत्र कोठूनही अंतराळात पाठवता येणार नाही, आणि त्यासाठी कोणत्याही प्राधिकरणाला परवानगी देता येणार नाही. यान चालवण्यासाठी वा उबदार ठेवण्यासाठी वापरलेले किरणोत्सारी स्रोत या मनाईत येणार नाहीत, मात्र त्यांच्या प्रत्येक उड्डाणाआधी सुरक्षा-मूल्यमापन जाहीर करणे बंधनकारक राहील.'

कायद्याला वेळ लागणार असेल तर इन-स्पेसच्या नियमांत हेच शब्द आजही घालता येतील, त्यासाठी संसदेची वाट पाहण्याची गरज नाही. दुसरे, संयुक्त राष्ट्रांच्या बाह्य अंतराळ समितीची कायदेविषयक उपसमिती दरवर्षी व्हिएन्नात भरते. अंटार्क्टिका आणि समुद्र यांच्या धर्तीवर अंतराळासाठीही अशी मनाई व्हावी, हा विषय भारताने तिथे मांडावा. लाडबोरीचे कडे ज्याच्या जमिनीवर पडले, त्या देशाने तो मांडला तर ऐकले जाईल.

या दोन्ही बाबतींत आयोगाची भूमिका काय आहे, ती लेखी आणि जाहीरपणे कळवावी, ही विनंती.

आपली,
पालघर जिल्ह्यातील एक निवृत्त विज्ञानशिक्षिका